न्हाणीत पाय घसरलेल्या बायका

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत, नवऱ्यानं मारलं म्हणून बाई क्वचितच येते. ती डोकं दुखतंय म्हणून येते. अंग मोडून येतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोटात आग पडते, जेवण जात नाही. पांढरं जातंय, हे ती नंतर सिस्टरच्या कानाशी लागून सांगते. हिमोग्लोबिन बघितलं जातं, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, पॅरासिटामॉल मिळतं, आणि काही दिवसांनी तेच दुखणं घेऊन ती पुन्हा रांगेत उभी असते. कधी खरोखरची जखम घेऊन येते. तेव्हा न्हाणीत पाय घसरलेला असतो, म्हशीनं शिंग मारलेलं असतं, नाहीतर अंधारात दाराची चौकट लागलेली असते.

मी बरीच वर्षं ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलं. आता डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंच्या प्रशिक्षणांना जाते. चौकटीचा मार कपाळाला बसतो. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ चौकटीनं उठत नाहीत, हे प्रशिक्षणाच्या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. तोंड वाचवायला हात वर केला की मनगट ते कोपर या भागावर मार बसतो, हेही ठाऊक असतं. नवा वळ लालसर, मग काळा-निळा, मग हिरवट-पिवळा. एकाच पाठीवर हे सगळे रंग दिसले तर ती एका दिवसाची गोष्ट नव्हे. जखम वाचता सगळ्यांना येते. अडतं ते पुढं, वाचल्यावर काय करायचं यापाशी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९ टक्क्यांच्या पुढे आहे. पण मला अस्वस्थ करतो तो त्याच अहवालातला दुसरा आकडा. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी देशभरात कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या, आणि ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, कधी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

या ७७ टक्के बायका कुणाला दिसतात? आम्हाला दिसतात. पोलीस ठाण्याची पायरी चढलेली बाई संध्याकाळपर्यंत गावभर होते. माहेरी गेली तर चार दिवसांत 'परत कधी जाणार' सुरू होतं. आरोग्य केंद्रात गेलेल्या बाईला मात्र कुणी कारण विचारत नाही. पोराचा डोस असतो, पोटूशी असते, तांबी बसवायची असते, सासूची बीपीची गोळी न्यायची असते. लग्न झालेल्या बाईला घराबाहेर एकटीनं, कुणाची परवानगी न काढता जाता येईल अशा जागा गावात किती असतात? त्यातली एक आमच्या ताब्यात आहे. म्हणून मारहाण हा आमच्या खात्याचा विषय नाही, असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

तरी बहुतेक ठिकाणी विचारलं जात नाही. त्याची कारणं मी जवळून पाहिली आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. ओपीडीत गर्दी असते. डॉक्टरच्या टेबलाभोवती चौघं-पाचजण एकाच वेळी उभी असतात, दार सताड उघडं असतं, आणि बाईबरोबर आलेली सासू तिच्याऐवजी बोलते. 'घरचा मामला आहे, आपण कशाला पडा' ही समजूत तर आहेच. याच सर्वेक्षणात काही ठरावीक कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे, असं ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी म्हटलं होतं. डॉक्टर आणि नर्सेस याच घरांतून येतात. पांढरा कोट घातल्यानं ते घर मागं राहत नाही.

आरोग्यसेविकेची अडचण आणखी वेगळी. ती उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते, बहुतेक वेळा एकटी. मारणारा माणूस त्याच गल्लीतला, कधी पुढाऱ्याच्या घरातला असतो. लसीकरण उरकून दिवेलागणीला ती स्कूटीवरून एकटी परतते तेव्हा वाट त्याच्याच शेताच्या कडेनं जाते. 'सिस्टर, तुम्ही आमच्या बायकोला काय शिकवता?' हा प्रश्न कुठल्याही दिवशी तिच्या दाराशी येऊ शकतो. आशाताई तर त्याच गावची सून. तिला विचारणारा तिचा चुलत दीर असू शकतो. म्हणून 'तुम्ही संवेदनशील व्हा' एवढंच बजावणारी प्रशिक्षणं मला अन्यायाची वाटतात. त्या सिस्टरच्या, आशाताईच्या पाठीशी कोण उभं राहणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

शिवाय या आमच्याच सहकारी काही वेगळ्या जगात नांदत नाहीत. प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हात धुता धुता शेजारी येऊन उभी राहते आणि स्वतःच्या घरचं सांगू लागते. पगार हातात येताच काढून घेतला जातो, रात्रीच्या बाळंतपणाला गेलं की परत आल्यावर संशयाची सरबत्ती, कधी हातही उगारला जातो. जिला हे रोज भोगावं लागतं तिनं दुसरीला काय सांगायचं? काहीजणी अतिशय हळुवारपणे विचारतात, कारण त्यांना कळतं. काहीजणी कोरड्या होतात: 'आम्ही सोसलं की, तिला काय झालं?' दोन्ही मला समजतं. खात्याच्या कुठल्याही सूचनापत्रकात या बायकांसाठी एक ओळ असायला हवी आणि ती नसते, याचा मला राग आहे.

बरं, बाईनं सांगितलंच तर समोरचा माणूस काय करतो? सर्वांत जास्त ऐकू येते ती समजूत. 'जरा सांभाळून घे बाई, तो प्यायलेला असला की तोंडाला तोंड देऊ नको.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण बाईच्या कानावर जातं ते एवढंच, की चूक तिच्या तोंडाची. दुसरी तऱ्हा जरब बसवण्याची. डॉक्टर नवऱ्याला बोलावून सगळ्यांदेखत झापतात, त्याला खाली मान घालायला लावतात. डॉक्टरांना काम झाल्यासारखं वाटतं. त्या अपमानाची वसुली रात्री बंद दाराआड तिच्याकडून होते, आणि ती पुन्हा त्या केंद्रात तोंड उघडत नाही. तिसरी तऱ्हा घाईची: 'सोडून दे त्याला, केस कर.' पोरं कुणाकडे ठेवायची, राहायचं कुठं, माहेरचा भाऊ घरात घेईल का, यातलं काहीही त्या वाक्यात नसतं. तिनं नाही म्हटलं की आपणच चिडतो, 'हिला मदत नकोच आहे' म्हणून मोकळे होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेबद्दल आरोग्यसेवकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या दोन गोष्टी मला फार उपयोगी वाटतात. पहिली, आलेल्या प्रत्येक बाईला फॉर्म भरल्यासारखं सरसकट विचारत सुटू नका. खुणा दिसल्या, औषधानं न हलणारं दुखणं दिसलं, की विचारा. गरोदरपणाच्या तपासणीत विचारण्याला वाव आहे, पण आडोसा, गुप्तता, विचारणाऱ्याचं प्रशिक्षण आणि पुढं पाठवायची जागा असेल तरच. दुसरी गोष्ट पहिल्या आधाराची. तिचं ऐका, तिला आत्ता काय हवंय ते विचारा, तिच्यावर विश्वास ठेवल्याचं तिला कळू द्या, तिच्या जिवाची काळजी घ्या, आणि पुढची मदत जोडून द्या. यात घर सावरून देणं नाही, निवाडा करणं नाही. आम्हा डॉक्टरांना हे जड जातं, कारण दुखणं दिसलं की ते बरं करून पाठवायची आम्हाला सवय असते.

विचारायचं तर आधी एकटीला गाठावं लागतं. सासूला बाहेर बसा म्हटलं की संशय येतो. एका केंद्रात सिस्टरांनी वजनकाटा आणि बीपीचं यंत्र आतल्या लहान खोलीत नेलं. वजनाला आणि पोट तपासायला एकेकीनंच आत यायचं, हा सगळ्यांसाठीच नियम केला. लघवीची बाटली द्यायलाही तिथंच. कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही आणि बाईला तेवढी मिनिटं मिळतात. दरमहा ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, गर्दी उसळते, त्या दिवशीसुद्धा हे जमलं. खर्च शून्य.

प्रश्न कसा विचारावा, यावर आम्ही प्रशिक्षणात खूप वेळ घालवतो, आणि तो घालवायलाच हवा. रांगेसमोर 'नवरा मारतो का गं?' असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार. त्याऐवजी मी असं म्हणायला सांगते: 'असं दुखणं घेऊन येणाऱ्या बऱ्याच बायकांना घरी त्रास असतो, म्हणून मी अशा सगळ्यांना विचारते. तुमच्या घरी कुणी मारतं, धमकावतं, उपाशी ठेवतं असं काही होतं का?' ती नाही म्हणाली तर तिथं थांबायचं. खोदायचं नाही. 'कधी वाटलं तर मी मंगळवारी आणि शुक्रवारी इथंच असते,' एवढं सांगून ठेवायचं. कितीतरी बायका त्या नाहीनंतर, मध्ये बराच काळ गेल्यावर, पोराच्या डोसाच्या निमित्तानं येतात आणि म्हणतात, 'सिस्टर, तुमी त्या दिवशी इचारलं हुतं न्हवं…'

मग सांगायला लागली की पंखा सुरू करायचा, दार लोटायचं, हातातलं पेन खाली ठेवायचं. 'सांगितलंत हे बरं केलंत. मार खाणं ही तुमची चूक नाही.' ही दोन वाक्यं मी कुठल्याही गोळीइतकीच मोलाची मानते.

आणि काही प्रश्न जिवाचे असतात. गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का? त्यानं कधी हत्यार उगारलं किंवा त्याची धमकी दिली? कधी गळा दाबला? पोटात बाळ असताना मारलं? सतत, भयंकर संशय घेतो का? तो आपल्याला जिवे मारेल असं तुम्हाला वाटतं का? यातल्या तीन किंवा जास्त प्रश्नांना होकार असेल तर तिला आज तशीच घरी पाठवणं धोक्याचं. गळा दाबण्याबद्दल मी मुद्दाम थांबून बोलते, कारण बायका ते सहज सांगून जातात, 'नुसता गळा धरला, मारलं न्हाई.' वरून खूण दिसेलच असं नाही. आवाज बसलेला आहे का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत रक्ताचे ठिपके आहेत का, हे पाहावं लागतं. एकदा गळा दाबणारा माणूस पुढं जीव घेण्याची शक्यता पुष्कळ वाढलेली असते.

विषबाधेच्या केसेसही इथंच येतात. ढेकणाचं औषध, पिकावर मारायचं औषध, उंदराची पावडर. नातेवाईक म्हणतात, खोकल्याचं औषध समजून चुकून प्यायली. पोट धुवायचं, अॅट्रोपिन द्यायचं, १०८ बोलावून ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं, या धावपळीत 'चुकून' हा शब्द तसाच रजिस्टरला उतरतो. अनेक घरांना अजून वाटतं की खरं सांगितलं तर तिच्यावरच पोलीस केस होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं ती भीती काढली आहे: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. हे नातेवाइकांना आणि तिला शांतपणे सांगितलं, ती शुद्धीवर आल्यावर एकटीशी बोललं, तर त्या बाटलीमागचं घर दिसायला लागतं.

कुटुंब नियोजनाच्या खोलीतही हिंसा दिसते, फक्त तिला तसं नाव नसतं. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं, घरात पाकीट सापडायची भीती नसते. नवऱ्याला न कळवता ते घ्यायला येणाऱ्या बायका प्रत्येक सिस्टरला माहीत असतात. त्यातल्या काहींना नको म्हणायची सोय घरी नाही. आपल्या फौजदारी कायद्यात सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली बळजबरी आजही बलात्कारात धरली जात नाही, पण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक अत्याचार स्पष्ट लिहिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या कायद्यापुरता तरी नवऱ्यानं केलेला बलात्कार बलात्कारच मानला. इंजेक्शन घेणाऱ्या त्या बाईच्या कार्डावर तारीख घालताना सिस्टरनं ते कार्ड केंद्रातच ठेवून घेतलं, तर तीही सुरक्षिततेची तजवीजच.

आता कागदाचं. मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते याबद्दल, आणि सगळ्यांत कमी शिकवलं जातं तेही हेच.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या ७ व्या कलमानुसार, मदत मागितल्यावर वैद्यकीय केंद्राला उपचार द्यावेच लागतात. नियम त्याहून पुढं जातात. आधी घटनेचा अहवाल नोंदवला नाही म्हणून कुणालाही परत पाठवता येत नाही. असा अहवाल झालेला नसेल तर केंद्राच्या प्रमुखानं तो नमुन्यात भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा असतो. आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते. मी ज्या ज्या प्रशिक्षणात हे वाचून दाखवलं, तिथं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं. इतकी वर्षं झाली कायद्याला, तरी आपण यात कुठं आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर 'पडल्यामुळे' असं लिहू नका. तिच्या शब्दांत लिहा: पतीने लाकडाने मारल्याचे सांगते. जखम कुठं, केवढी, कुठल्या रंगाची, किती जुनी वाटते. शरीराचं साधं चित्र काढून त्यावर खुणा करा. आपलं मत नको, 'भांडखोर वाटते' तर नकोच नको. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येऊ शकेल अशी वैद्यकीय केस, नोंदवली म्हणून तिला फिर्याद द्यावीच लागते असं नाही, हेही तिला सांगा. मात्र आपल्याकडे केसपेपर बाईबरोबर घरी जातो, आणि घरी तो कोण वाचेल याचा भरवसा नसतो. म्हणून तिला विचारूनच ठरवायचं. घरी जाणाऱ्या कागदावर नुसतं दुखणं आणि औषध, सविस्तर नोंद केंद्राच्या रजिस्टरला. रजिस्टर कुलपात. हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर देण्याऐवजी पाठ करून घ्यायचा; १८१ लक्षात राहतो.

एक कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. सतरा वर्षांची गरोदर मुलगी. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठरा वर्षांखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कार आहे, आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा मला मान्य आहे. पण हे कळलेली घरं त्या मुलीला तपासणीलाच आणत नाहीत, आधार कार्डावरचं वय वाढवून आणतात, किंवा थेट कळा सुरू झाल्यावर दारात येतात. जिला सगळ्यांत जास्त गरज आहे तीच आमच्यापासून लपवली जाते. कळवण्याआधी तिच्याशी नीट बोलणं, पुढं काय काय होईल ते तिला समजेल असं सांगणं, एवढं आम्ही करतो. ते पुरेसं नाही.

विचारायला लोक का कचरतात याचं खरं उत्तर मला इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सापडलं. ब्रिस्टल आणि लंडनमधल्या हॅकनी इथल्या दवाखान्यांत डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं, संगणकावरच्या नोंदीत आठवण करून देणारी खूण ठेवली, आणि मुख्य म्हणजे पाठवायचं कुणाकडे ते ठरवून दिलं: ठरलेली, ओळखीची एक कार्यकर्ती. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. या दवाखान्यांनी २२३ बायकांना मदतीसाठी पाठवलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच दवाखान्यांनी १२. दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या मनात माया काही कमी-जास्त नसणार. पुढं माणूस आहे हे कळलं की तोंडून प्रश्न निघतो.

त्यासाठी इंग्लंडला जायचीही गरज नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका आणि 'सेहत' संस्थेनं मिळून 'दिलासा' हे केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच खोली, रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण. अपघात विभागातल्या नर्सनं जखम बांधता बांधता म्हणायचं, 'त्या खोलीत आमच्या ताई आहेत, भेटून जा.' पुढं मुंबईतल्या पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं झाली. पण हे शहराचं. तालुक्याच्या गावापासून लांब असलेल्या आरोग्य केंद्रातून बाईला पाठवायचं कुठं? हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी सखी वन स्टॉप सेंटर साधारण जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथवर जायला एसटीचं भाडं, दिवसभराची रजा आणि घरी सांगायला एक कारण लागतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे अख्खा तालुका, त्यात इतर कामं. तरी मी प्रत्येक केंद्रात एक गोष्ट करून घेते: त्या अधिकाऱ्यांना एकदा ओपीडीच्या दिवशी चहाला बोलवायचं. सिस्टरनं त्यांचा चेहरा पाहिलेला असला, फोनवरचा आवाज ओळखीचा असला, की पाठवणं सोपं जातं.

एका केंद्रात मी काम करत असताना एक बाई आली होती, हाताला फ्रॅक्चर घेऊन. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, पण पोलीस नको, अधिकारी नको, आमच्या मालकांना काही बोलू नका, असंही सांगितलं. आम्ही तिचं म्हणणं ऐकलं. नोंद तिच्या शब्दांत केली, हाताचं चित्र काढलं, तारीख-वेळ घातली, रजिस्टर कपाटात गेलं. ती नांदायला परत गेली. तिला आपण काहीच दिलं नाही, असं तेव्हा सिस्टर हळहळून म्हणाल्या होत्या. बऱ्याच काळानं ती तालुक्याच्या कोर्टातल्या वकीलबाईंची चिठ्ठी घेऊन आली. पोटगीचा अर्ज केला होता, पोरं तिच्याजवळ होती. तिनं विचारलं, 'तवा तुमी लिवून ठिवलं हुतं, त्याचा कागद मिळंल का? किती पैसे पडत्यात?'

सिस्टरांनी कपाट उघडलं, पान काढलं, त्याची प्रत करून मी सही-शिक्का दिला. पैसे पडत नाहीत, म्हटलं. कायद्यातच तसं आहे.